मलाही खाज सुटली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आधी एकदा तोंडातून बाहेर काढायला हवं.

माझ्या पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यापासून हातापायांच्या तळव्यांना खाज सुटायची. पुरळ नाही, गांधी नाहीत — नुसती आग. चिऱ्याच्या पायरीवर तळवे घासायची, सोलवटेपर्यंत. पण सांगणार कुणाला? आमचं घर मासे विकणारं. खाजऱ्या हातचे बांगडे कोण घेईल? — लपवली.

मूल मेलेलंच जन्मलं. शेजारणी म्हणाल्या, सासूने माशांची पाटी उचलायला लावली, म्हणून. मी नाही म्हटलं नाही. खरं सांगू? — त्यात माझी सोय होती. त्या दिवसापासून पाटी सासूबाईंच्या डोक्यावर आणि किल्ल्या माझ्या कमरेला.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण कुमुद गरोदर होती. तिलाही तीच खाज. शिवाय डोळे पिवळे. मी आणि सासूबाई तिला मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, काही बायकांचं यकृत गरोदरपणात पित्त नीट बाहेर टाकत नाही. ते रक्तात साठतं, मुलाच्या जिवाला धोका असतो. बहिणीबहिणींत हे आढळतं. मग माझ्याकडे वळले — "तुम्हाला झालं होतं? तसं असेल तर हिला घरी पाठवत नाही."

माझ्याआधी कुमुदच बोलली, "नाय ओ डॉक्टर. ताईचा पोर पाटी उचलून गेला."

"माझाच चुकला गो," सासूबाई म्हणाल्या.

हो म्हणायचं होतं — एवढंच. पण मग सासूबाईंनी इतकी वर्षं वाहिलेल्या पाटीचं काय? मी मान हलवली. नाही म्हणून.

डॉक्टरांनी औषध देऊन घरी पाठवलं. कुमुदचं मूल पोटातच गेलं. सासूबाई गेल्या शिमग्यात वारल्या — तो आळ घेऊनच.

आता कुमुदला पुन्हा दिवस गेलेत. काल तळपाय उंबऱ्यावर घासत होती. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणते, "मागच्या खेपेक जावन काय झाला गो ताये?" का जायचं, हे मीच सांगू शकते.

दवाखान्यात राहावं लागेल म्हणून तिच्यासाठी गाठोडं बांधून झालं आहे. मी आता तिच्याकडेच निघाले आहे. सगळं ऐकल्यावर ती माझ्याबरोबर यायची नाही. तिच्या नवऱ्याबरोबर जाईल. पण जाईल.