हिऱ्याचं टोक आणि शेजारचा बोअर

त्या उन्हाळ्यात शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि पाणी आटत चाललं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणाला लागून नवी वस्ती झाली होती, सगळी टँकरच्या भरवशावर.

विमानाच्या इंजिनात वापरतात त्या मिश्रधातूवर हिऱ्याचं अतिसूक्ष्म टोक दाबायचं आणि तो किती दबतो, भार काढल्यावर किती वर येतो हे बघायचं, हे माझं काम. यंत्र इतकं नाजूक की बाजूला कुणी खुर्ची ओढली तरी आलेख बिघडायचा. त्यावरची माझी पाळी आठवड्यात संपत होती. मोजमापं झाली नाहीत तर प्रबंध रखडणार आणि शिष्यवृत्तीही बंद. नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडे बोअरची गाडी येऊन उभी राहिली.

आलेख असे थरथरले की मी तावातावानं भांडायलाच निघाले. तिथं नारळ फुटलेला, बायका हंडे घेऊन बसलेल्या. त्यात आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या, सिल्लोडकडच्या मावशीही होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोअरमधून निघालेली काळ्या दगडाची खपली माझ्या हातात ठेवली.

"ताई, तुमच्या मशिनीत घालून बघा की. खाली समदं असंच टणक हाय, का पाणी लागंल?"

"मावशी, आमचं यंत्र वरवरचंच बघतं. खालचं त्याला नाही कळत."

"व्हय? येवढं महागाचं आन् वरवरचंच?" त्या हसल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. 'जरा थांबवा' म्हणायला जीभ रेटेना. तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. पाणी लागलं असणार, म्हणून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, स्वतःसाठी जरा जास्तच झाला. लगबगीनं नमुना बसवला. एकामागून एक आलेख आले, स्वच्छ, कुठं थरथर नाही. इतकी देखणी मोजमापं मला कधीच मिळाली नव्हती. त्या भरात संध्याकाळी पेढे घेऊन वस्तीवर गेले.

गाडी निघून गेली होती. सगळीकडे दगडाची भुकटी पसरलेली, आणि मावशी हंडा उपडा घालून त्यावर बसलेल्या.

"बोअर फेल गेला, ताई. नुसता फुफाटा निघाला."

मी पेढ्यांचा पुडा पदराआड घेतला, पण त्यांनी तो पाहिला होता.

"तुमचं काम झालं का?"

मला हो म्हणवेना. नुसती मान हलवली.

"मग द्या की पेढा. एकीचं तरी झालं." पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "आता निवांत करा. आमचा आवाज नाय व्हायचा."