कानाकडे पाहणारे सर

आमचे सर बोलताना कधी तोंडाकडे पाहत नसत, समोरच्याच्या डाव्या कानाकडे पाहत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं आहे, आणि तो वळून बघे. माझ्या आईने तर पहिल्या दिवशी कानातली फुलं चाचपून पाहिली. भीमपूरच्या आमच्या शाळेत मुलांनी त्यांचं नाव 'कानसर' ठेवलं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून कुणी हळूच 'कानसर' म्हटलं, तर तेही तितक्याच हळू 'हाव, आलो' म्हणत आणि पुढचं नाव घेत.

ते एकट्या आमच्या शाळेचे नव्हते. ज्या मुलांना कमी दिसतं त्यांच्यासाठी मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, शाळा फिरायच्या, हे त्यांचं काम. आमच्याकडे मंगळवारी येत. बसमधून उतरले की आधी फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत. आम्हाला वाटे, जप करतात. आत आले की पहिला प्रश्न, "उजेड कुठून येऊन राह्यला?" मग खिडक्या उघडायच्या, बाक फिरवायचे, पायऱ्यांच्या काठाला पिवळा पट्टा ओढायचा. कुणी पडेल, कुणी आपटेल, कुणाच्या डोळ्यात काडी जाईल, या धास्तीतच त्यांचा दिवस जाई. दुसऱ्याच्या काळजीने इतका दमणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी आठवीत होते तेव्हा माझ्या डोळ्यांचं सुरू झालं. पाटीवर मधोमध ओलं बोट फिरवावं तसं, जिथे पाहीन तिथलंच पुसलं जाई. कडा तेवढ्या शाबूत. दोन चष्मे झाले, काही उपयोग नाही. शाळेत ढ ठरले आणि घरी नाटकी. जमिनीवर पडलेलं पीस बरोबर दिसतं आणि पुस्तक तेवढं दिसत नाही, हे आईला कसं पटावं? एका मंगळवारी सरांनी मला समोर उभं केलं. "माह्या तोंडाकडे पाह्य. काय दिसते?"

"काहीच नाही," मी घाबरत म्हटलं.

"आता माह्या कानाकडे पाह्य."

कानाकडे पाहिलं आणि सरांचं नाक, मिशा, गालावरचा व्रण, सगळं बाजूने हळूच आत आलं. मला रडू कोसळलं. सर म्हणाले, "रडू नको. मोठ्या मुश्किलीनं दिसलो तुले, पुसून टाकशीन."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "सर, तुमालेबी असंच?"

"हाव. पण गावभर सांगू नको."

गावभर का सांगायचं नाही, ते मला शाळेच्या तपासणीला साहेब आले तेव्हा कळलं. साहेबांशी बोलताना सर नाकासमोर सरळ पाहत होते, चांगल्या डोळ्यांच्या माणसासारखे. नंतर मी विचारलं, तर म्हणाले, "साहेबाले मान द्या लागते. तेवढा वेळ साहेब दिसत नाही, पण काही बिघडत नाही." हसले खरे, पण डोळ्यांचं बाहेर फुटलं तर गावोगाव फिरायचं काम काढून घेतील, ही भीती त्यांना कायम होती.

एकदा ते जेवणाच्या वेळेला आमच्या घरी आले. मी स्टीलच्या ताटात भात चाचपत होते. सर कळवळले. "भात पांढरा, ताट पांढरं. पोरगी काय शोधन? त्या काळ्या कढईत वाढा."

आई दचकली. "कढईत जेवलं का लग्नात पाऊस येते, सर."

"मंग मांडवावर ताडपत्री टाकू. आज तिले भात दिसू द्या."

तेव्हापासून मी लोखंडी कढईत भात खाल्ला, पोटभर. आई मात्र वाढताना दर वेळी दारातून आभाळाकडे एक नजर टाकी.

सरांकडे एक जाड वही होती. एका मोठ्या नेत्रालयाचं संशोधन चाललं होतं, त्यासाठी ते गावागावांतून माहिती गोळा करत. तक्त्यावर किती दिसतं हे दवाखान्यात कळतं. घरात किती दिसतं हे त्या डॉक्टरांना हवं होतं. ज्वारीतले खडे सापडतात का, बसची पाटी किती पावलांवरून वाचता येते, पुस्तकातले किती शब्द एका मिनिटात होतात. सर मनगटावरचं घड्याळ डोळ्याजवळ तिरपं धरून माझे शब्द मोजत. त्यांचं पाहून मलाही खोड लागली. रोज सकाळी एक डोळा झाकून मी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख शोधी, आणि ती सापडेपर्यंत घशाखाली चहा उतरत नसे. सरांना कळलं तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले. "नजर रोज मोजायची नसते. रोज मोजशीन तं रोज कमी भरन."

मी दहावीत गेले आणि त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कचेऱ्यांमधून फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये चढू लागले. कोण इकडे राहणार आणि कोण तिकडे जाणार, याच्या याद्या निघाल्या. सरांचं घर बासरचं, आणि बासर गेलं निर्मल जिल्ह्यात. सरांचंही नाव तिकडच्या यादीत आलं. इकडे माझी दरखास्त कोणत्या गठ्ठ्यात होती, देव जाणे. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जास्तीचा वेळ मिळायला डॉक्टरांचा दाखला हवा होता. बाबा वाईट नव्हते, पण थकले होते. म्हणाले, "कागद आला तं परीक्षा. नाही आला तं कापूस वेचाले चाल. दिवसभर पुस्तकाशी डोळे फोडून घेतेस, ते पाह्यवत नाही मले."

सरांनी आठवडाभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. दरखास्त सापडली आणि आदिलाबादच्या तपासणीची तारीख मिळाली. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी सरांना नव्या जागी हजर व्हायचं होतं.

बसमध्ये बाबा माझ्या कानाशी लागले, "डॉक्टरसमोर सरळ पाह्यजो. काही दिसनार नाही, मंग कागद भेटन." मी सरांकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांनी मला तिरपं पाहायला शिकवलं होतं. सर हातातल्या तिकिटाची सुरळी करत राहिले. मग म्हणाले, "खोटं नको बोलू, माय. पण मलेबी भेव वाटून राह्यलं."

डॉक्टरांनी आकड्यांच्या तक्त्याकडे बोट केलं. "चदुवम्मा," म्हणजे वाच. मी तक्त्याच्या काठाकडे नजर नेली आणि वाचत सुटले. एक ओळ, दुसरी, तिसरी. खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्वच झाला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "इतना तो पढ़ रही है. अगला." रांगेतला पुढचा माणूस उठला. आपल्या हुशारीने आपणच शाळा घालवली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात सर आत आले. साहेबांकडे पाहत तसे डॉक्टरांकडे सरळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, अभी आप मुझे नहीं दिखते." मग नजर डॉक्टरांच्या कानावर नेली. "अब दिखते हैं. इस बच्ची का भी यही है. एक मिनट किताब पढ़ने दीजिए." खोलीत नव्या-जुन्या कचेऱ्यांची पाच-सहा माणसं उभी होती. सगळी ऐकत होती.

मी माझं इतिहासाचं पुस्तक उघडलं. तक्त्यावरचा एकेक सुटा मोठा आकडा बाजूने पकडता येतो, पण बारीक ओळ हातातून निसटते. शब्द सापडेपर्यंत आधीचा हरवतो. मिनिट झालं तेव्हा माझी दीड ओळ झाली होती. डॉक्टरांनी पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, आणि सरांना विचारलं, "आपका सर्टिफिकेट है?"

"नहीं, साहब."

डॉक्टरांनी माझ्या कागदावर दस्तखत केलं.

परतीच्या बसमध्ये बाबा मला भजी घ्यायला सांगत होते, पण माझं लक्ष सरांकडे होतं. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "तुमच्या शाळेच्या फाटकातून आधी रस्त्यावरचे नऊ खांब दिसत. आता चार दिसतात." तेव्हा मला तो मंगळवारचा जप उमगला. मला मोजू नको म्हणणारा माणूस दर आठवड्याला स्वतःची नजर मोजत होता. माझ्यासारखा मधोमधचा डाग होताच, पण त्यांच्या कडाही आत सरकत होत्या. ते ऐकून मला त्यांची दया यायला हवी होती. आधी भीती वाटली ती माझीच.

सरांची गोष्ट त्यांच्याआधी नव्या जिल्ह्यात पोचली. कुणी वाईट वागलं नाही. उलट, त्यांना त्रास नको म्हणून फिरती बंद केली आणि कचेरीत बसायला जागा दिली. फोनवर मला म्हणाले, "खुर्ची चांगली हाय. खिडकीबी हाय. पोरं तेवढी नाहीत." मी दहावी झाले, पुढचंही शिकले, आणि आता आदिलाबादला एका कार्यालयात पडद्यावरची अक्षरं मोठी करून नोकरी करते. सकाळी कॅलेंडरकडे पाहायचं टाळते. रोज जमतंच असं नाही.

माझ्या लग्नाला सर आले. पाऊस आला नाही, पण आई मांडवाच्या कडेला उभी राहून सकाळपासून आभाळाचा पहारा करत होती. सरांच्या पत्नीने त्यांचा कोपर धरला होता. मी पाया पडून उठले, तर सर माझ्याकडे पाहत होते, अगदी सरळ, नाकासमोर. मी हसत विचारायचा प्रयत्न केला, "सर, मी काय साहेब हाय का? मले काऊन मान देऊन राह्यले?"

सर हसले. "आता समद्याइलेच द्या लागते, माय."

मांडवातून अंतरपाट धरल्याची हाक आली. मी हलले नाही. सरांच्या डाव्या कानाकडे पाहत राहिले, त्यांचं नाक, मिशा, गालावरचा व्रण, सगळं आत येईपर्यंत.