पुसून टाक म्हणाले

सरांनी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा प्रोजेक्टरवर टाकला आणि भिंतीवरचे शब्द मोठ्यानं वाचले. "कुठं. दाव. हा कॉम्प्युटर आहे की गोठा?" वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बारामतीच्या कॉलेजातलं प्रॅक्टिकल. एका कॉम्प्युटरवर विंडोज, शेजारच्यावर लिनक्स, कॉम्प्युटर चालवायच्या दोन प्रणाली. वापरायला सोपं कोणतं, ते लिहायचं. सगळ्यांनी विंडोज लिहिलं. चित्रावर क्लिक केलं की उघडतं.

उघडतं? पहिल्या वर्षी सर म्हणाले, फोल्डर उघड. मी एकदा क्लिक केलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. दोनदा करायचं असतं हे चित्रावर कुठं लिहिलेलं असतं? ज्यांच्या घरी कॉम्प्युटर, त्यांनाच ते ठाऊक. सर म्हणाले, "डबल क्लिक येत नाही. तुमच्या लोकांना सवलती मात्र बरोबर कळतात." मी दोनदा क्लिक केलं.

त्याआधी मी कॉम्प्युटर शिकले इंदापूरकडच्या आमच्या गावात, विहाराच्या अभ्यासिकेत. तिथला जुनाट कॉम्प्युटर चित्रं पेलत नव्हता, म्हणून मावसभावानं लिनक्सचा नुसता काळा पडदा बसवून दिला. हुकूम टाइप करायचा. सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. एक अक्षर चुकलं की कॉम्प्युटर 'हुकूम सापडत नाही' म्हणायचा. पण सगळ्यांना तेच म्हणायचा, आडनाव बघून नाही.

डेअरीत दूध घालून परतताना आबा, माझे वडील, दारातून विचारायचे, "आता कुठं हाईस त्यात?" मग म्हणायचे, "काय काय हाय, दाव की." आपण कुठल्या फोल्डरात आहोत हे विचारायचा हुकूम पीडब्ल्यूडी. मला ते रस्तेवालं सरकारी खातं वाटायचं. फायलींची यादी दाखवायचा हुकूम एलएस. लिनक्समध्ये हुकमांना आपली नावं देता येतात. मी दिली, आबांच्या तोंडची: 'कुठं' आणि 'दाव'. कॉलेजातही तीच ठेवली.

"पुसून टाक हे," सर म्हणाले. "शुद्ध लिही. नाहीतर जर्नलवर सही मिळणार नाही."

सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. मी उठले.

"सर, एलएस ह्यो तरी कुठला शुद्ध शब्द हाय? इंग्रजी 'लिस्ट' कुणीतरी आपल्या सोयीनं तोडलाय. त्यो चालतो, आन् माझ्या बापाचा चालत न्हाय?"

कॉलेजात पहिल्यांदाच माझ्या तोंडून 'हाय' निघालं. कुणी हसलं नाही. सरांनी माझं जर्नल सही न करता बाजूला सारलं.

आई म्हणते, "पूस की बाई दोन शब्द. वरीस वाया जाईल." जाईलही. मला भीती वाटते. आबा किटली उचलून डेअरीला निघून जातात, ते जास्त लागतं.

उद्या प्राचार्यांकडे अर्ज देणार आहे. सर काय काय बोलले ते त्यात जसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द मऊ केलेला नाही. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी त्याच बाकावर बसेन. आणि तेच टाइप करीन.