दारं करणाऱ्या भिकाची होडी

तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर भिकाने केलेली दारं अजून उभी आहेत. एका ठिकाणी तर घर पडलं, दार तेवढं उभं आहे. असा पक्का सुतार, पण पाण्याला भ्यायचा. एसटी पुलावर चढली की हा बाकावर बसल्या बसल्या दोन्ही पाय उचलून धरायचा, जणू तेवढंच गाडीचं वजन कमी होईल. समुद्राकडे तर तो श्रीमंत व्याह्याकडे बघावं तसा बघायचा: लांबून, आदराने आणि लवकर निघायच्या तयारीने.

आणि नेमकी त्याची एकुलती एक हर्षदा, कोसबाडला शिकता शिकता समुद्रकाठच्या आगर गावातल्या प्रविणच्या प्रेमात पडली आणि किनाऱ्यावर नांदायला गेली.

प्रविण तारापूरला कंपनीत जातो, सुट्टीला मासे मारतो. त्याला घरी बांधलेली शिडाची होडी हवी होती. इंजिनाची का नको, तर म्हणे, "आठ तास मशीनच ऐकतो, मामा. सुट्टीत तरी वारा ऐकू दे." सुतारकाम कोण करणार यावर चर्चा झालीच नाही, सगळ्यांनी भिकाकडे बघितलं. प्रविणची आई बुधीबाई नवऱ्याबरोबर जन्मभर शिडाच्या होडीत वावरलेली, ती आकार सांगणार. प्रविणचा दोस्त मुकेश फळ्या तापवून वाकवणार. भिका ठोकणार.

लाकूडच तर आहे, असं भिकाला वाटलं होतं. होडीचा कणा बसला, बरगड्या उभ्या राहिल्या, तोवर ठीक होतं. मग फळ्या चढायला लागल्या आणि तो दोन फळ्यांमधल्या फटी मोजायला लागला. दाराला फट राहिली तर मांजर आत येतं. इथे समुद्र आत येणार, आणि आत जावई बसलेला असणार. मुक्काम लेकीकडेच, त्यामुळे जेवताना हर्षदाच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर नजर गेली की तो घास परत ताटात ठेवायचा.

"बाबा, भाकरी तशीच ठेवलीत."

"पोट भरलं."

"एका तुकड्याने?"

"तुकडा मोठा होता."

फटींत कापूस ठोकून वर डांबर भरायचं काम सुरू झालं, तेव्हा मुकेशने सहज सांगितलं, "काका, शेवटची फट जो बुजवतो, तोच पहिल्या फेरीला होडीत बसतो हां. आमच्याकडे तसंच आहे. कारागीर बसला तर बाकीचे बसतात."

भिकाचा हातोडा वरच्या वर राहिला.

त्या दिवसापासून काम फार बारकाईने व्हायला लागलं. ठोकलेला कापूस उकरून पुन्हा ठोकला जाई. शेवटी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, वीतभर फट उरली.

"मुकेश, एवढी तू बुजव. मला दिसत नाय."

"चष्मा आणून देऊ?"

"व्याही," सावलीत मासे साफ करणारी बुधीबाई मान वर न करता म्हणाली, "एवढी भीती वाटते तर दारच लावा होडीला. बंद करून बसा आत."

भिकाने फट बुजवली. डांबर फटीपेक्षा लेंग्यावर जास्त गेलं.

आता मोठ्या भरतीची वाट बघायची होती. बुधीबाईने होडीवर ओली पोती पसरली आणि ती चिंचणीला बहिणीकडे गेली. होडीजवळ उरला भिका. ओल्या पोत्याखाली लाकूड कुबट होईल, फुगेल, वाकेल, आपण ठोकलेलं सगळं सुटेल, या धास्तीने त्याने पोती काढली आणि होडी उन्हात खडखडीत वाळवली. दिवसभर तिला थोपटत बसला. दारासारखी वाजत होती. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला.

भरतीच्या सकाळी नारळ फुटला. प्रविण सुकाणूला, मुकेश शिडाला, आणि मधे भिका, दोन्ही काठ घट्ट धरून. होडी खाडीत सरकली आणि त्याच्या टाचेला गार लागलं. त्याने खाली बघितलं. फटीफटीतून पाण्याच्या बारीक रेघा आत येत होत्या. बघता बघता घोटे बुडाले.

"जावई." काठ न सोडता भिकाने हनुवटीने खाली दाखवलं.

प्रविणने वाकून फळीवर हात फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला. "मामा, पोती कुणी काढली?"

"मी. ओल्या लाकडाचं कुणी दार लावतं का?"

मुकेशने शीड सोडलं आणि तो डब्याने पाणी उपसायला लागला. भिका सरकत पुढे गेला, नाळेजवळच्या त्या वीतभर फटीवर त्याने तळहात दाबून धरला आणि काठाला लागेपर्यंत काढला नाही. तेवढी एकच फट गळत नव्हती, हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

चिंचणीहून थेट खाडीवर आलेली बुधीबाई चिखलात उभी होती. "होडीचं लाकूड तहानलेलं ठेवायचं नसतं, व्याही. ओलं राहून फुगलं की आपली फट आपणच मिटवतं. आता पिऊ दे तिला पोटभर."

होडी काठाशी बांधून पाण्यात तशीच सोडली. भिका रोज जाऊन बघायचा. आधी पाणी उपसलं की पुन्हा भरायचं. मग कमी भरायला लागलं. मग एका सकाळी तळ कोरडा राहिला. सगळे हसले, भिकाने मात्र ओणवं होऊन प्रत्येक फटीवर बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी प्रविण खाडीच्या तोंडाबाहेर, खऱ्या समुद्रात निघाला. भिकाची फेरी झालेली होती. आता त्याला कुणी बसवणार नव्हतं. तो वाळूत हर्षदाशेजारी उभा राहिला. होडी सुटायला लागली आणि हा डबा उचलून गुडघाभर पाण्यात शिरला.

"बाबा, कुठे?"

"इथे उभं राहून मला भ्यायला नाय जमणार. तिथे हाताला काहीतरी काम तरी असतं."

"मामा, आता पाणी येतच नाय," प्रविण म्हणाला.

"येईल तेव्हा?"

प्रविणने हात देऊन त्याला वर घेतलं. भिका पुढे नाळेशी बसला, मांडीवर डबा, एक तळहात नाळेजवळच्या फटीवर. शिडात वारा भरला, होडी कलली, आणि काठावरून हर्षदाला दिसलं, बाबांनी दोन्ही पाय उचलून धरले होते.