टँकर आणायचं गाणं

आत्ताच साखर कारखान्याच्या मैदानावरच्या कॉन्सर्टहून आले. घसा पार बसलाय!

दुष्काळात मी अन् माझ्या मैत्रिणी शबाना, सुनीता पाण्याच्या टँकरच्या लाइनीत एकाच मोबाईलवर गाणी ऐकायचो. एक ठरावीक गाणं लावलं की टँकर येतो, अशी आमची पक्की समजूत. म्हणून ते फक्त तिथंच लावायचं.

आज गायकानं तेच गाणं धरलं अन् माईक पब्लिककडं केला. कुणाला शब्दच येईनात. आम्ही तिघीच गरजलो! त्यानं थेट स्टेजवर बोलावलं. दोन कडवी म्हणून आम्ही थांबलो.

"पुढं?"

शबाना म्हणाली, "पुढचं आमाला येत न्हाई. इथवर आलं की टँकर यायचा."

मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. शेवटचं कडवं त्यानं आमच्यासाठी गायलं. पहिल्यांदाच ऐकलं, हंडा न उचलता!

तुमचं कोणतं गाणं असं अर्ध्यात राहिलंय?