गालाला लावलेली भाकरी

सिद्रामचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. सिद्राम म्हणजे सोलापूरच्या विद्यापीठातल्या उद्योजकता केंद्राचा शिपाई. म्हणाला, "अक्का, मठपती सर गेले. संध्याकाळी माती हाय. तुला यायला जमणार न्हाय, पण सांगायला पायजे की." राजकोटहून संध्याकाळपर्यंत सोलापूर गाठता येत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तरी मी नवऱ्याला विचारत राहिले, ही गाडी मिळेल का, ती मिळेल का. तो बिचारा मोबाईलमध्ये बघत राहिला. शेवटी भिजवलेल्या पिठाच्या भाकरी थापून टाकल्या. दुसरं काय करणार होते?

आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं, घरात कानडी आणि बाजारात मराठी. मी सातवीत शाळा सोडली. केंद्राचे प्रमुख असलेले सर गावात आले, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. शिकलेल्या माणसापुढं यायला मी भ्यायचे, म्हणून मी दाराआड. आईनं त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. सरांनी भाकरी मोडली, तिचा कडाड् आवाज ऐकला आणि कानडीत आईला मारतात तशी हाक मारून म्हणाले, "यव्वा, ही विकत का नाही?" आईला ते शिवी दिल्यासारखंच वाटलं. "भाकरी काय इकायची वस्तू हाय का? मागितली तर देतो की तशीच!" सर म्हणाले, "मला द्याल हो. मुंबईतल्या माणसानं कुटं येऊन मागायची?"

असे मी, आई आणि गावातल्या आणखी पाचजणी केंद्रात गेलो. पहिल्या दिवशी आम्ही सात बायकांनी चपला बाहेर पायरीवर काढल्या. आत पोरं लॅपटॉप उघडून बूट घालून बसलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या चपलांशेजारी त्यांच्याही चपला होत्या, आणि आठवड्यात सगळी पोरं अनवाणी! विद्यापीठातले काही लोक आमच्या खोलीला 'भाकरी केंद्र' म्हणत. सर म्हणायचे, "म्हणू द्या. चारला भूक लागली की हितंच येतात."

पाकिटावरचा नाव-चित्राचा कागद करायला दिलेल्या पोरांना त्यांनी आधी आमच्या गावात चुलीपुढं बसवलं. एकाची भाकरी थापता थापता परातीतच तुकडे तुकडे झाली. आई त्याला म्हणाली, "लेकरा, तू कागदच कर." तो पोरगा अजून दिवाळीला आईला फोन करतो. त्या केंद्रानं आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मला हे आधी आठवतं. आम्ही त्यांच्या खोलीत गेलो तसे तेही आमच्या चुलीपर्यंत आले.

आमची पहिली चूक मात्र मोठी होती. विद्यापीठात मेळा होता. भाकरी दोन दिवस चुलीच्या कडेला उभ्या करून खडखडीत वाळवलेल्या. सकाळी आईच्या मनात काय आलं कोण जाणे... परक्या माणसाला गार भाकरी कशी द्यायची, म्हणून तिनं एकेक पुन्हा तव्यावर शेकली. हात लावून बघितलं, गार झाली म्हणाली, मी पाकिटं बंद केली. दुपारपर्यंत आत घाम धरला आणि सगळ्या भाकरी चामड्यासारख्या चिवट झाल्या. मला वाटलं आता हाकलून देतील. सरांनी आईचा हात हातात घेतला, तळव्यावरचे घट्टे बघितले. "यव्वा, या हाताला ऊब कळायची बंद झालीय. आयुष्यभर तवा सोसलाय त्यानं. यापुढं गालाला लावून बघायचं." आणि एक भाकरी त्यांनी स्वतःच्या गालाला लावून दाखवली. दाढीला पीठ लागलेलं, सगळी पोरं हसायला लागली, आई पदरात तोंड घालून हसली. त्यानंतर एकही पाकीट गालाला लावल्याशिवाय बंद झालं नाही. सर आले की पहिला गाल त्यांचा.

लग्नानंतर मी इकडं राजकोटला आले. या परमुलखात काय करू म्हणून रडत फोन केला, तर म्हणाले, "तवा नेलायस ना? मग?" आज इथं राहणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी घरांत माझी भाकरी जाते. गेल्या वर्षभरात त्यांनी मला तीनदा बोलावलं. नव्या बायका आल्यात, कुंभारीच्या, वैरागच्या, पायरीवरच थांबतात, तू येऊन चार शब्द बोल. "मी बोलून काय होणार? तू सातवीवाली बोललीस की त्यांचं भ्या जाईल." मी तिन्ही वेळा पुढच्या महिन्यावर ढकललं. कामाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे भ्यालेच होते. माईकपुढं उभं राहायचं, ते प्राध्यापक ऐकणार... सरांना ते कळत होतं. तिसऱ्यांदा नुसतं म्हणाले, "बरं, सवडीनं ये." ती सवड मी काढलीच नाही.

आता महिना झाला. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. सिद्राम सांगतो, रोज दार उघडतो, झाडतो, बायका येतात, पायरीवर बसून परत जातात. मी म्हटलं, मी येते, बोलते त्यांच्याशी. तो म्हणाला, "ये की अक्का. पण तुला बलवायचं पत्र कोण देणार? सही करायला माणूस न्हाय." आई फोनवर विचारते, "आता कुणाकडं जायचं गं?"

फोन आला त्या दिवशी थापलेल्या भाकरी वाळून तयार झाल्या, तेव्हा पाकिटं भरायला बसले. पहिली भाकरी गालाला लावली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तोंड तापलेलं, आणि तापलेल्या गालाला सगळंच गार लागतं. भाकरी खरंच निवली की नाही, ते काही केल्या कळेना. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही लावून बघा. त्यानं लावली, डोळे पुसले आणि ती तशीच परत ठेवली... त्या दिवशी आम्ही एकही पाकीट बंद केलं नाही.