दसऱ्याचा टिळा अन् परागची सिस्टीम

पराग खानझोडेच्या मोबाइलवर गाण्याच्या भारी भारी सिस्टीम बाळगणाऱ्या शौकिनांचा एक ग्रुप आहे. गाण्यापेक्षा मशीनच जास्त ऐकणारी मंडळी ती! यंदा तिथं कोणीतरी विचारलं, तुमची पहिली भारी सिस्टीम कोणती? झालं, जो तो लिहायला बसला. परागनंही लिहिलं. अँप्लिफायर कोणता, स्पीकर कोणते, नागपूरहून गादीत गुंडाळून कसे आणले, सगळं. दसऱ्याचं मात्र लिहिलं नाही. कोणत्या तोंडानं लिहिणार?

परागचे वडील पांडुरंगराव रायपुरात रेल्वेत होते. ते लवकर गेले. मग आई सुशीलाबाईंनी तिथल्याच ब्राह्मणपारा मोहल्ल्यात ब्लाउज शिवून पोराला इंजिनियर केलं. दर दसऱ्याला ती माउली शिलाई मशीन पुसायची, हळद-कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची अन् परागला म्हणायची, "पड पाया. हिच्या जिवावर जेवून राहिलो आपण." पोट्टाही मुकाट पाया पडायचा.

पुढं परागला नव्या रायपुरात नोकरी लागली, फ्लॅट झाला, आईही तिथं राहायला आली अन् हॉलमध्ये कमरेएवढे दोन स्पीकर येऊन उभे राहिले. त्यांची जाळी तो काढूनच ठेवायचा, म्हणे आवाज मोकळा येतो. बायको रूपाली धूळ पुसायला गेली तरी याच्या जिवाचा थरकाप. मुलीच्या लग्नात बाप असतो ना, तसा तो त्या स्पीकरभोवती घुटमळायचा.

सिस्टीम आली त्या वर्षीच्या दसऱ्याला परागचे साहेब अन् त्यांच्या बाई संध्याकाळी ती ऐकायला यायचे होते. पराग त्यांना घ्यायला खाली गेला. इकडं सुशीलाबाईंची शिलाई मशीन पुजून झाली, मिक्सर झाला, गाडीही झाली होती. नवं मशीन तेवढं राहिलं होतं. पाव्हणे यायच्या आत यालाही ओवाळून घेऊ म्हणून त्यांनी ताट उचललं. आता मशीनला कपाळ कुठं असतं? वरच्या अंगाला एक छोटी मऊ घुमटी दिसली. त्यांनी तिथंच अंगठ्यानं ओल्या कुंकवाचा टिळा लावला. चांगला दाबून, मनापासून! घुमटी आत गेली.

तेवढ्यात दार उघडलं. परागनं टिळा पाहिला, बारीक आवाज काढणारी ती नाजूक घुमटी पचकलेली पाहिली अन् त्याचं डोकंच फिरलं.

"हात काहून लावला तू? अक्कल नाही का!" तो आईवर ओरडला. मग साहेबांकडं वळून हसत म्हणाला, "माफ कीजिए सर, गाँव की हैं। इनको मशीन और पत्थर में फर्क नहीं समझता।"

साहेब कसनुसे हसले. त्यांच्या बाईंनी मान खाली घातली. सुशीलाबाईंनी ताट खाली ठेवलं, चिवडा आणून दिला, दोघांच्या हातावर सोनं ठेवलं अन् आत गेल्या.

ती घुमटी चिकटपट्टीनं दोन मिनिटांत वर आली. टिळाही निघाला. पाव्हणे गेल्यावर रूपाली म्हणाली, "आईंना गावची म्हणालात तुम्ही? परक्या माणसांपुढं?"

"हिंदीत म्हणलो न मी," पराग म्हणाला.

बाप्पा! ज्या बाईनं उभा जन्म रायपुरात हिंदीत भाव करून अस्तर अन् बटणं आणली, तिला म्हणे हिंदी कळत नव्हती! आपण काय बोललो ते परागच्याच कानावर आलं अन् त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईजवळ जाऊन 'चुकलो' म्हणायची त्याची छाती झाली नाही. रस्त्यात कोणाला धक्का लागला तर 'सॉरी भैया' म्हणणारा हा माणूस. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता आठ वर्षं गेली. घरात सगळं सुरळीत होतं. फक्त गाणी लागली की आई आतल्या खोलीत जाऊन बसायची.

यंदा ग्रुपवर लिहिताना गाळलेला तो दसरा परागच्या डोक्यातून जाईना. दसऱ्याला त्यानं स्वतः पूजेचं ताट केलं, आईपुढं नेलं अन् म्हणाला, "आई, सिस्टीमची पूजा करून दे न."

सुशीलाबाई उठल्या. त्यांनी रूपालीकडून जुना पेपर मागून घेतला अन् स्पीकरपासून दोन हात दूर पसरला. त्यावर विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. कुंकू सुपारीला लावलं, फूल सुपारीला वाहिलं. सांडलेली हळद पदरानं टिपून घेतली.

"त्याच्यावरच लाव न आई," पराग म्हणाला. "दाबून लाव."

"नको रे बाबा," त्या साध्याच आवाजात म्हणाल्या. टोमणा नव्हता, राग नव्हता. "तुहे पाव्हणे येतीन."

पाव्हणे कोणी यायचेच नव्हते. परागनं वाकून त्या सुपारीलाच नमस्कार केला.